उदास मुलीचं चित्र आणि मोडायची ठेव

ताई,

खानापूरहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा आकड्यांसाठी आणि एकदा त्या चित्रासाठी. एकटीच बसलेली तरुण मुलगी, कललेली मान, गालावर हिरव्या रंगाचे जाड फटकारे, नजर कुठेच नाही. धारवाडच्या हॉस्टेलमधली तुम्हीच तुम्हाला त्यात दिसलात, असं लिहिलंय. किंमत १ लाख ६० हजार. त्यासाठी सोसायटीतली, म्हणजे पतसंस्थेतली, ४ लाखांची ठेव मोडायची का? लेक पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाणार, आणि यजमान म्हणतात, रडकं चित्र घरात कशाला!

यजमानांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका. उद्या चित्र विकायला काढलंत तर गिऱ्हाईकाच्या घरातही असं म्हणणारं कोणीतरी असणारच. गणपती, घोडे, निसर्ग पटकन जातात. उदास चेहऱ्याला त्याचाच माणूस भेटावा लागतो.

गॅलरीवाले म्हणाले, पाच वर्षांत दुप्पट. हिशेब करू. विकताना गॅलरीने ३० टक्के कमिशन घेतलं, तर तुमच्या हातात ३ लाख २० हजार पडायला चित्र ४ लाख ५७ हजारांना जावं लागेल. म्हणजे वर्षाला २३ टक्क्यांच्या आसपास वाढ. नुसतं मुद्दल सुटायलाही २ लाख २९ हजारांचं गिऱ्हाईक हवं. वर कर आहेच. जुना सोफा नफ्यात विकला तर कर नाही, चित्राला ती सवलत नाही; २४ महिन्यांनंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के.

गॅलरीवाल्यांनी चित्रकार अमृता शेरगिल यांचा दाखला दिला. त्यांचं १९३७ सालचं चित्र २०२३ मध्ये ६१.८ कोटींना गेलं, हे खरं. पण त्या १९४१ मध्येच, अठ्ठाविसाव्या वर्षी गेल्या. मधली ८० वर्षं कोणी थांबायचं?

तेव्हा गुंतवणूक म्हणून नको. आवडलं म्हणून घ्यायचं असेल तर जरूर घ्या, पण ठेवीतून नाही. ती ठेव मुदत संपली की तशीही बँकेत हलवा. ५ लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं कवच बँकेतल्या पैशाला असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. आणि ते पैसे लेकीच्या फीचे, विषय संपला.

चित्रासाठी गॅलरीकडे बिनव्याजी हप्ते मागा, दरमहा १० हजारांचे १६. तुमची महिन्याची शिल्लक १५ हजार आहे, जमेल. नाही म्हणाले, तर त्याच चित्रकाराचं कोळशाचं एखादं छोटं रेखाटन आहे का, तेवढं विचारा. बिलावर चित्रकाराचं नाव, साल, माध्यम लिहून घ्या.

आणि खानापूरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू. बाहेरच्या भिंतीवर टांगू नका, कॅनव्हासच्या पाठीला बुरशी धरते. आतली भिंत बघा, आणि चौकटीमागे बुचाचे चार तुकडे लावा, म्हणजे वारा खेळेल.