खड्ड्यांतली ईव्ही

नवी ईव्ही, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी घेतलीत, अभिनंदन! कोकणात पहिल्यांदाच नेताय, तर रेंजपेक्षा (एका चार्जमध्ये गाडी किती जाते त्यापेक्षा) टायरची काळजी करा. बॅटरीमुळे गाडी जड. खड्ड्याची कड जोरात बसली की टायरची बाजू फाटते, आणि ती पंक्चर किटने भरत नाही. स्टेपनी दिलीय का, आजच डिकी उघडून बघा.

- बॅटरी पोटाखाली आहे. दगड दोन चाकांच्या मधून काढायची जुनी सवय सोडा.
- बॅटरीवर आयपी६७ (धूळ-पाणी आत न जाण्याचं रेटिंग) लिहिलेलं असेल, तर ते म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही चाचणीतल्या स्थिर पाण्यात. साकवावरून पाणी वाहत असेल तर थांबा.
- पट्टे पुसलेल्या रस्त्यावर लेन असिस्ट (गाडी पट्ट्यांच्या आत ठेवायला स्टिअरिंग वळवणारी यंत्रणा) बंद ठेवा. माझी गाडी एकदा डांबराच्या ठिगळाची कड पट्टा समजून स्टिअरिंग ओढायला लागली होती!

चिखलात पाय हलका ठेवा.