पालघरसारख्या वाढत्या, पण बराचसा ग्रामीण असलेल्या जिल्ह्यात वाहतुकीचं नियोजन कुठून सुरू करावं?

माझ्या मते रस्त्याच्या रुंदीपासून नाही, एसटीच्या वेळापत्रकापासून.

पालघर १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. नकाशा बघा: लोकल (२०१३ पासून डहाणूपर्यंत) किनाऱ्याला धरून जाते, तिच्या पूर्वेला अहमदाबाद महामार्ग. दोन्ही उत्तर-दक्षिण. जव्हार, मोखाडा, विक्रमगड मात्र पूर्वेला डोंगरात, तिथे रेल्वे नाही. म्हणजे खरी उणीव पूर्व-पश्चिम जोडणीची आहे. विरार-डहाणू रेल्वेमार्गाचं चौपदरीकरण, बुलेट ट्रेन, वाढवण बंदर या मोठ्या कामांनी ती आपोआप भरून निघणार नाही.

विक्रमगड-जव्हारकडचा मोगरा घ्या. कळ्या पहाटे, उमलायच्या आत खुडतात आणि माल दादरच्या फुलबाजारात वेळेवर पोचावा लागतो. गाडी अर्धा तास चुकली की भाव पडला. अशा गावाला चौपदरी रस्त्याआधी पहाटेची भरवशाची गाडी हवी, लोकलच्या वेळेशी जुळणारी.

दुसरं, काळी-पिवळी जीपवाल्यांना हुसकावू नका. एसटी जात नाही त्या पाड्यांवर तेच जातात. त्यांना परवाने आणि ठरलेले थांबे द्या.

मार्ग आखण्याआधी आठवडी बाजार, ग्रामीण रुग्णालय, आश्रमशाळा आणि बोईसरच्या कारखान्यांच्या पाळ्या यांच्या वेळा लिहून काढा. बाळंतपणाची बाई पावसाळ्यात ओढ्याअलीकडे अडकते, तिथली मोरी सगळ्यात आधी बांधा.