ऑस्ट्रियातल्या स्लोवेनियन भाषकांचा स्वतंत्र पक्ष आहे, मग प्रांताच्या विधानसभेत त्याचा आमदार का नसतो?

तुम्ही विचारताय तो पक्ष म्हणजे कॅरिंथिया प्रांतातली ‘एनोत्ना लिस्ता’. थोडक्यात उत्तर: डोकी कमी, आणि आहेत ती विखुरलेली.

2001 च्या जनगणनेत कॅरिंथियात रोजच्या वापराची भाषा स्लोवेनियन सांगणारे होते साधारण साडेबारा हजार, म्हणजे दोन-सव्वादोन टक्के. 1975 मध्ये पक्ष पहिल्यांदा विधानसभेला उभा राहिला, मतं दोन टक्क्यांच्या आसपास पडली, जागा मिळाली नाही. पुढच्या निवडणुकीआधी मतदारसंघांची फेररचना झाली आणि दक्षिणेतला स्लोवेनियन पट्टा चार मतदारसंघांत वाटला गेला. योगायोग म्हणायचा तर म्हणा! हल्ली किमान पाच टक्के मतं मिळाल्याशिवाय जागा नाही, अशी अट आहे. त्यात सगळे स्लोवेनियन एकगठ्ठा याच पक्षाला मत देतात असंही नाही. कारेल स्मोले 1986 मध्ये देशाच्या संसदेत पोचले ते ग्रीन पक्षाच्या यादीतून.

पक्षाचा खरा जीव गावात आहे. सीमेलगतच्या आयझनकाप्पेलमध्ये स्लोवेनियन भाषक निम्म्याहून कमी, तरी 2009 ते 2021 महापौर याच पक्षाचा, फ्रान्त्स योझेफ स्मर्टनिक. जर्मन भाषकांची मतं पडल्याशिवाय हे शक्यच नव्हतं.

बाकी मोठी लढाई, गावांच्या नावाच्या पाट्या दोन्ही भाषांत हव्यात ही, विधानसभेत नाही, कोर्टात झाली. रुडी वोउक नावाचा वकील एका गावातून मुद्दाम वेगमर्यादा मोडून गेला. दंड झाल्यावर त्याचा युक्तिवाद असा: गावाच्या नावाची पाटी फक्त जर्मनमध्ये आहे, दोन्ही भाषांत नाही, म्हणजे ती कायदेशीर नाही, मग गावाची हद्द, आणि तिथली वेगमर्यादा, सुरू झालीच कुठे? 2001 मध्ये घटना न्यायालयाने पाट्यांच्या मुद्द्यावर त्याच्या बाजूने कौल दिला. प्रांताचे तेव्हाचे मुख्यमंत्री हायडर यांनी पुढे काय करावं? एका ठिकाणी पाट्या दोन भाषांत करण्याऐवजी काही मीटर सरकवल्या! अखेर 2011 मध्ये 164 गावांच्या द्विभाषिक पाट्यांवर तडजोड झाली.

आता पलीकडे इटलीत बघा. त्रिएस्तेच्या भागात याच भाषेचा ‘स्लोवेन्स्का स्कूपनोस्त’ हा पक्ष आहे. त्याचीही मतं एका टक्क्याच्या आसपासच, पण तिथल्या प्रादेशिक निवडणूक कायद्यात स्लोवेनियन यादीसाठी सवलत आहे: मोठ्या पक्षाच्या यादीशी जोडणी केली की एक टक्क्यावर जागा मिळते. म्हणून 2018 आणि 2023, दोन्ही वेळा त्यांचा एकेक प्रतिनिधी निवडून आला. कॅरिंथियातले स्लोवेनियनही हक्काची जागा मागत आले आहेत. 2017 च्या नव्या प्रांतिक घटनेत त्यांचा नावानिशी उल्लेख आला, त्यावरूनही बराच गदारोळ झाला. जागा मात्र मिळाली नाही.