सहकारनगर-अरण्येश्वरला घर बघताय? आधी आंबिल ओढा कुठून जातो ते बघून घ्या

प्रश्न वाचला तुमचा. साताऱ्याहून पुण्याला शिफ्ट होताय, ऑफिस स्वारगेटजवळ, सोबत आईवडील आणि शाळेत जाणारी मुलगी, आणि अरण्येश्वरच्या बाजूला ओढ्याला लागून तळमजल्यावरचा टू बीएचके बाकीच्यांपेक्षा बराच स्वस्तात मिळतोय, तर घ्यावा का आणि एकूण हा भाग कसा आहे असं विचारलंय. मी १९९८ पासून सहकारनगरला राहतोय, मधे दोन घरं बदलली पण भाग सोडला नाही, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, तो तळमजला घेऊ नका. त्याच भागात घ्या, आनंदाने घ्या, पण वरच्या मजल्यावर घ्या किंवा दोन गल्ल्या चढावर सरकून घ्या.

का ते कळायला इथली जमीन कशी आहे ते डोळ्यापुढे आणा. सातारा रोडने गाडी चालवत गेलात तर सगळं सपाट वाटतं, कारण दोन्ही बाजूला बिल्डिंगा, दुकानं, काही दिसतच नाही. पण पश्चिमेला तळजाईची टेकडी, तीच पुढे उत्तरेला पर्वतीपर्यंत येते, पूर्वेला सातारा रोड आणि त्याच्या पलीकडे बिबवेवाडीचा चढ, आणि दक्षिणेला कात्रजचा घाट, म्हणजे तिन्ही बाजूंनी उंच आणि मधे हा लांबट खोलगा. त्या खोलग्याच्या तळातून आंबिल ओढा वाहतो. कात्रजच्या डोंगरात निघतो, तिथल्या तळ्यांमधून बाहेर पडतो, मग बालाजीनगर-धनकवडीच्या कडेने, के के मार्केटजवळून पद्मावती, अरण्येश्वर, तावरे कॉलनी, तिथून पर्वतीच्या पायथ्याने दांडेकर पूल आणि शेवटी मुठा. सहकारनगर एक, सहकारनगर दोन, शिवदर्शन, तुळशीबागवाले कॉलनी, लक्ष्मीनगर, वाळवेकर नगर, ही सगळी नावं तुम्हाला पत्त्यात वेगवेगळी दिसतील (टपालाच्या पत्त्यात बहुतेकांच्या शेवटी पर्वती, पुणे ९ असतं), पण पावसाच्या दृष्टीने हा सगळा एकच भाग आहे, टेकडीवरचं पाणी रस्त्यांवरून खाली येतं आणि ओढ्याला मिळतं.

हा ओढा साधासुधा नाही हो. कात्रजचं तळं नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७५० च्या सुमाराला, आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून दगडी नळ नेला, वाटेत हवा खेळायला आणि साफसफाईला उच्छ्वास ठेवले, त्यातले काही अजून उभे आहेत. पंप नाही, मोटार नाही, नुसत्या उताराने पाणी पेठांमधल्या हौदांपर्यंत जायचं. आंबिल ओढा तेव्हा शहराच्या आतून वाहायचा, तोही त्यांनीच वळवून बाहेरून काढला. पर्वतीखाली तळं केलं, तळ्यातला गणपती तिथलाच, त्या जागेला आज आपण सारसबाग म्हणतो. म्हणजे उतार आणि पाणी बघून शहर आखायचं काम इथे पावणेतीनशे वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि आपण मात्र घर बघताना किचन केवढं आणि पार्किंग मिळणार का एवढंच बघतो. म्हणून हे मी पोटतिडकीने सांगतोय.

आता २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र. बुधवार होता. संध्याकाळपासून पाऊस चालूच होता पण पुण्याला सप्टेंबरात असा पाऊस नवीन नाही, त्यामुळे कुणी फारसं मनावर घेतलं नाही. रात्री नऊनंतर जो धरला तो थांबेचना. तेव्हा मी ओढ्यापासून साधारण दीडशे मीटरवर दुसऱ्या मजल्यावर होतो. साडेदहाच्या आसपास खालून आवाज आला, पाण्याचा नाही, मोटारसायकली एकमेकींवर आपटल्याचा. जिन्यातून खाली बघितलं तर पार्किंगमधे पाणी गुडघ्याच्या वर, आणि दहाएक मिनिटांत ते कमरेला लागलं. तळमजल्यावर एक आजी-आजोबा राहायचे, दोघंही सत्तरीच्या पुढचे. त्यांचं दार आतून उघडेना, बाहेरून पाण्याचा रेटा एवढा होता. शेजारच्या वस्तीतली चार पोरं, ज्यांना आम्ही नुसतं येताजाता बघायचो, ती दोरी घेऊन पाण्यातून आली, खिडकीचं ग्रील वाकवलं आणि दोघांना बाहेर काढलं. आजींच्या हातात फक्त देव होते, टॉवेलमधे गुंडाळलेले. बाकी घर सगळं गेलं. फ्रीज तरंगून उताणा पडला होता, हे मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः बघितलं, आणि भिंतीवर खिडकीच्या वरच्या कडेला चिखलाची एक सरळ रेघ. नंतर घराला दोनदा रंग दिला तरी ओल आली की ती रेघ परत दिसायची.

आमच्याकडे माणसं वाचली. अरण्येश्वरजवळ टांगेवाला कॉलनीत त्या रात्री भिंत कोसळून माणसं गेली. त्यामुळे आमच्यातले बरेचजण अजूनही ती तारीख आली की गप्प असतात, आणि कुणी नवीन माणूस "ओढ्याकाठी छान हिरवं आहे, भाडंही कमी आहे" म्हणाला की मला गप्प बसवत नाही.

त्यानंतर ओढ्याच्या भिंती बांधल्या, काही पूल-मोऱ्या मोठ्या केल्या, काम झालंय ते झालंय म्हणायला हवं. पण वर कात्रजपासून सगळीकडे सिमेंट झालंय, पूर्वी जे पाणी मुरायचं ते आता झपाट्याने खाली येतं, आणि खोलगा आहे तिथेच आहे. त्यामुळे भिंत आहे म्हणून तळमजला चालेल हे गणित तुमच्या आईवडिलांना घेऊन करू नका.

आता चांगलं सांगतो, कारण चांगलं खूप आहे आणि उगाच घाबरवायचं नाहीये तुम्हाला.

सगळ्यात मोठी गोष्ट तळजाई. पाचगाव पर्वतीचं वनखात्याचं जंगल वर पठारावर आहे, पहाटे साडेपाचला गेटपाशी गेलात तर अख्खं सहकारनगर तिथे भेटतं, रिटायर्ड मंडळी, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरंपोरी, नऊवारीत झपझप चालणाऱ्या आज्या. मोर दिसतात, न दिसले तरी ओरडतात. झाडी बरीचशी गिरिपुष्पाची आहे, म्हणजे लावलेली, अस्सल जंगल नव्हे, पण आत कडेकडेने जुनी देशी झाडं आहेत आणि हल्ली लोक मुद्दाम देशी लावतायत. तळजाई मातेचं देऊळ वर आहे, सदू शिंदे क्रिकेट मैदान तिथेच. रविवारी गेटबाहेर ताक, आवळ्याचं सरबत, शेतातली भाजी असा छोटा बाजारच भरतो. तुमच्या वडिलांना चालायची आवड असेल तर या एका गोष्टीसाठी हा भाग घ्यावा. मात्र चढ चांगला आहे, गुडघ्याचा त्रास असेल तर वरपर्यंत रिक्षाने जायचं आणि पठारावर सपाटीला चालायचं, आमच्याकडे बरेच ज्येष्ठ तसंच करतात.

खाली अरण्येश्वराचं जुनं महादेवाचं देऊळ, नावातच अरण्य आहे, म्हणजे एकेकाळी इथे काय होतं ते कळतं. श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला रस्ता भरलेला असतो. पद्मावतीचं देऊळ, शिवदर्शनचं लक्ष्मीमातेचं, नवरात्रात दोन्हीकडे गर्दी. गुरुवारी धनकवडीला शंकर महाराजांच्या मठापाशी सातारा रोड हळू चालतो हे ऑफिसच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. मुलीला संध्याकाळी न्यायला बागुल उद्यान. पर्वती तर आहेच, १०३ पायऱ्या, सुट्टीच्या दिवशी मुलांना मोजायला लावायच्या.

आणि इथली माणसं. सहकारनगर हे नावच सहकारी सोसायट्यांवरून आलेलं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधली जी घरं वाहून गेली त्यातल्या कितीतरी कुटुंबांना शहराच्या त्या वेळच्या कडेला वसाहती करून दिल्या, त्यातल्या काही आपल्या याच भागात. लोक अजूनही पूरग्रस्त सोसायटी असंच म्हणतात. छोटी बैठी घरं, पुढे जास्वंद-पारिजातक, मागे मोरी. आता त्यातली बरीच पाडून तीन-चार मजले झालेत, पण जुनी कुटुंबं टिकून आहेत आणि त्यांच्यात पेठेचं वळण आहे, म्हणजे नवीन भाडेकरू आला की पहिले पंधरा दिवस नुसतं बघतील, मग एक दिवस डब्यातून काहीतरी येईल आणि त्यानंतर तुम्ही घरचेच. माझ्या आधीच्या घरमालकीणबाई तशाच होत्या, पेठेतल्या त्यांच्या वाड्यात पाणी शिरलं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. २०१९ च्या रात्री सगळ्यात आधी त्यांनीच गच्चीवरून ओरडून सांगितलं की गाड्या काढत बसू नका, माणसं वर घ्या. त्यांचं ऐकलं म्हणून आमच्या गल्लीत कुणाला काही झालं नाही.

चढावर बंगले, टेकडीच्या उतारावर आणि ओढ्याकाठी वस्त्या, मधे सोसायट्या, असं सगळं शेजारी शेजारी आहे. काही ब्रोकर वस्तीपासून लांबचं घर म्हणून जास्त भाडं सांगतात. त्या रात्री दोरी घेऊन कोण आलं होतं ते वर लिहिलंच आहे, त्यामुळे त्या बोलण्याला मी तरी काडीची किंमत देत नाही.

जाण्यायेण्याचं म्हणाल तर स्वारगेट अगदी जवळ, सातारा रोडला पीएमपीच्या बसेस भरपूर (देशातली पहिली बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन, याच रस्त्यावर २००६ ला सुरू झाली). मेट्रो सध्या स्वारगेटपर्यंत आलीय, पुढे कात्रजपर्यंतचा भुयारी मार्ग मंजूर आहे, त्यात पद्मावती स्टेशन आहे, म्हणजे काही वर्षं खोदकामाचा त्रास धरूनच चला. रिक्षावाल्याला नुसतं सहकारनगर सांगू नका, एक का दोन ते सांगा, नाहीतर भलतीकडे उतराल. पिण्याच्या पाण्याची फार ओरड नाही, पण दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवायची पुण्यात पद्धत आहे, आदल्या रात्री भरून ठेवायचं.

घर बघायला याल तेव्हा असं करा. ब्रोकरबरोबर गाडीतून न फिरता आधी एकटे चालत या, जमलं तर पाऊस पडून गेल्यावर. रस्त्यावरचं पाणी कुठल्या बाजूला पळतंय ते बघा, बिल्डिंगची पार्किंग रस्त्याच्या वर आहे का खाली, वीजमीटर किती उंचीवर बसवलेत (२०१९ नंतर शहाण्या सोसायट्यांनी ते वर उचलून घेतले, खालीच असतील तर कारण विचारा), आणि तळमजल्याच्या भिंतींना बाहेरून फक्त खालच्या चार-पाच फुटांनाच नवा रंग असेल तर समजून जा. वॉचमनला किंवा समोरच्या किराणावाल्याला सरळ विचारा, त्या रात्री इथे पाणी कुठपर्यंत होतं. कुणी लपवत नाही, हात उचलून दाखवतात.

तुमच्या बजेटमधे तुळशीबागवाले कॉलनी किंवा गजानन महाराज मठाच्या वरच्या अंगाला, लिफ्ट असलेल्या बिल्डिंगमधे थोडा लहान का होईना फ्लॅट मिळायला हरकत नाही, दोन-तीन आठवडे धीर धरा. येण्याच्या आदल्या दिवशी इथेच कळवा, मी संध्याकाळी सहानंतर मोकळा असतो, अरण्येश्वराच्या देवळापासून वर तळजाईपर्यंत चालत एक चक्कर मारू, आईवडिलांनाही घेऊन या.