बावीस वर्षे उभी असलेली डॅटसन आणि तापली की रुसणारी सिटी

पावसाळा जवळ आला की जुन्या जपानी गाड्यांविषयीच्या या पानाकडे येणारी पत्रे वाढतात, कारण वर्षभर ताडपत्रीखाली विसरलेल्या गाडीची आठवण पहिल्या सरीलाच होते. या वेळी पाच पत्रे निवडली आहेत. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, आणि ते पत्र वाचल्यावर इतर वाचक त्याबद्दल तक्रार करणार नाहीत असे वाटते.

प्रश्न : माझे थोरले काका नैरोबीत नोकरीला होते. 1976 साली परतताना त्यांनी 1972 ची डॅटसन 240 झेड सोबत आणली. तिची महाराष्ट्रात नोंदणी झालेली असून कागदपत्रे शाबूत आहेत. काकांच्या पश्चात गेली बावीस वर्षे ती बंगल्याच्या गॅरेजमध्ये उभी आहे. येत्या दिवाळीत ती रस्त्यावर आणावी अशी इच्छा आहे. मुलगा म्हणतो, नवी बॅटरी लावून एकदा सेल मारून पाहू, आणि नाहीच चालली तर एखाद्या नव्या गाडीचे इंजिन बसवू. सुरुवात कोठून करावी?
– एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : सेल मारू नका. बावीस वर्षांत सिलिंडरच्या भिंतींवर गंजाचा पातळ थर धरलेला असणार आणि पिस्टनच्या रिंगा त्याला चिकटलेल्या असू शकतात. अशा वेळी स्टार्टर मोटरने दिलेला एक हिसका रिंग मोडायला पुरेसा होतो, आणि जे काम चार वाट्या तेलात झाले असते ते संपूर्ण इंजिन उघडण्यापर्यंत जाते. सहाही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकातून दोन-दोन चमचे पातळ इंजिन तेल सोडा आणि आठ दिवस गाडीला हात लावू नका. त्यानंतर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या पुलीच्या बोल्टला सॉकेट लावा आणि इंजिन हाताने, अगदी सावकाश फिरवून पाहा. फिरले नाही तर पाना लांब करून जोर लावण्याऐवजी पुन्हा तेल सोडून आणखी आठ दिवस थांबा. तेवढ्या दिवसांत वरचे झाकण काढून कॅमशाफ्ट, साखळी आणि व्हॉल्व्ह पाहून घ्यावेत, कारण एखादा व्हॉल्व्ह उघड्या स्थितीतच अडकलेला असण्याची शक्यता असते.

हे इंजिन, म्हणजे 2,393 घनसेंटिमीटरचे एल 24, मुळात अतिशय सोशिक आहे. एका रांगेत सहा सिलिंडर, वर साखळीने फिरणारा एकच कॅमशाफ्ट आणि दोन कार्ब्युरेटर. यात गूढ असे काहीच नाही. हाताने सहज फिरू लागल्यावर तेल व फिल्टर बदला, डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटमधील फट 0.45 ते 0.55 मिलिमीटरच्या दरम्यान लावा आणि प्लगच्या वायरी 1-5-3-6-2-4 या क्रमाने जोडल्या आहेत ना, हे पाहा. बावीस वर्षांत कोणीतरी हौशी माणसाने त्या काढून पाहिल्या नसतील याची खात्री मी देणार नाही. इंजिन चालू होऊन तापल्यावर व्हॉल्व्हची फट इनलेटला 0.25 आणि एक्झॉस्टला 0.30 मिलिमीटर ठेवावी.

पेट्रोलची टाकी मात्र उतरवावीच लागेल. जुन्या पेट्रोलला व्हार्निशसारखा वास येतो आणि टाकीच्या तळाशी त्याचा चिकट डिंक झालेला असतो. तो कार्ब्युरेटरमध्ये गेला की सगळी मेहनत पाण्यात. रबराच्या सर्व नळ्या बदलाव्या लागतील, आणि त्या बदलताना इथेनॉल सहन करणाऱ्या रबराच्याच मागाव्यात, कारण आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि 1972 चे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर अर्धवट भरलेली टाकी ही सर्वांत वाईट अवस्था समजावी.

दोन्ही कार्ब्युरेटर एकाच वेळी उघडू नका. त्यांच्या घुमटासारख्या टोप्या आणि आतील पिस्टन जोडीने जुळवलेले असतात; पुढच्याची टोपी मागच्याला बसते, पण पिस्टन नीट सरकत नाही. जुळवणी बरोबर असेल तर बोटाने वर उचललेला पिस्टन सोडताच खाली येतो आणि ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. तो आवाज आला नाही तर पुढचे काहीही करू नये. ब्रेकबद्दल थोडक्यात: पुढच्या डिस्कचे कॅलिपर, मागच्या ड्रममधील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडर यांची सर्व रबरे नवी घातल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका, मग पेडल कितीही घट्ट लागत असो.

आता खऱ्या शत्रूकडे, म्हणजे गंजाकडे वळू. या गाडीचा पत्रा पातळ आहे आणि पाणी कोठे साचते हे सर्वत्र सारखेच असते: बॅटरीखालचा पत्रा, पायांखालची फरशी व तिच्या खालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या, मागच्या चाकापुढचा खालचा कोपरा आणि डिकीच्या दाराचा उंबरठा. वायपरखालच्या जाळीतून आत गेलेले पाणी जेथून बाहेर पडते त्या वाटा पालापाचोळ्याने बुजलेल्या असतात. त्या आधी मोकळ्या करा. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक सर्व अंगावरून फिरवा. जेथे ते सुटून पडते तेथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे, असे समजून खडूने खूण करा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत तेवढ्याच जाडीच्या सीआर (थंड लाटलेल्या) पत्र्याला बाक देऊन हुबेहूब तुकडा बनवणारे कारागीर मिळतात, परंतु त्यांना मूळ सडलेला तुकडा नमुना म्हणून द्यावा लागतो. म्हणून कापून काढलेला पत्रा, तुटलेली क्लिप, वाळलेले रबर, यांपैकी काहीही भंगारात देऊ नका. माझ्या पहिल्या गाडीच्या दारातील दोन गंजक्या पट्ट्या मी रद्दीवाल्याला दिल्या आणि पुढे वर्षभर दुसऱ्यांच्या गाड्यांची दारे उघडून मापे घेत हिंडलो.

नवे इंजिन बसवण्याचा विचार सोडून द्यावा, असे आपल्या चिरंजीवांना सांगा. 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली तिच्यानुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या वाहनाला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळू शकते, परंतु त्याची चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही अट आहे. आपली गाडी आधीच नोंदलेली असल्याने जुना क्रमांक कायम ठेवता येतो. त्या नोंदणीवर गाडी रोजच्या कामासाठी वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. इंजिन बदललेत तर ही वाट तुम्ही स्वतःच्या हाताने बंद कराल.

गाडी नैरोबीची आहे हे वाचून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आफ्रिकेतील अत्यंत खडतर अशी सफारी रॅली याच मॉडेलने 1971 मध्ये जिंकली आणि 1973 मध्ये पुन्हा जिंकली. दुसऱ्या वेळी चालक होते भारतीय वंशाचे शेखर मेहता. काका त्या वेळी नैरोबीतच असणार. घरातल्या जुन्या अल्बममध्ये एखादा फोटो आहे का, ते जरूर पाहा. दिवाळीबद्दल म्हणाल, तर या दिवाळीला इंजिनाचा आवाज ऐकता येईल. रंग पुढच्या दिवाळीला, आणि तोही सगळे पत्राकाम संपल्यावर.

प्रश्न : माझ्याकडील जुन्या जपानी गाडीच्या कार्ब्युरेटरचे फुलीचे स्क्रू निघता निघत नाहीत आणि त्यांच्या खाचा झिजत चालल्या आहेत. उत्तम प्रतीचा स्क्रू ड्रायव्हर वापरूनही असे का होते?
– एक वाचक, सातपूर

उत्तर : स्क्रू ड्रायव्हर उत्तम आहे, पण तो त्या स्क्रूसाठी नाही. आपल्याकडे सर्रास मिळतो तो फिलिप्स जातीचा. जपानी गाड्यांतील फुलीचे स्क्रू जपानी मानकाप्रमाणे, म्हणजे जेआयएस पद्धतीने बनवलेले असतात. दोन्ही फुल्या डोळ्यांना सारख्याच दिसतात. फिलिप्सचे टोक मात्र जपानी खाचेत तळापर्यंत बसत नाही, आणि जोर वाढताच ते वर उचलले जाऊन कडा सोलवटते. स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या एका बाजूला खसखशीएवढा ठिपका दिसला तर तो जपानी मानकाचा आहे असे खुशाल समजा. जेआयएसचा ड्रायव्हर मागवून घ्या, किंमत फार नसते. खाच आधीच झिजली असेल तर भेदक तेल रात्रभर मुरवून हातोडीने ठोकण्याचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरावा. ठोका बसला की स्क्रू त्याच क्षणी दाबला जातो आणि फिरतोही. मीसुद्धा चार स्क्रू ड्रिलने फोडून काढल्यावरच हे शिकलो.

प्रश्न : माझ्याकडे 2002 ची होंडा सिटी 1.5 व्हीटेक आहे. ती सकाळी झटक्यात चालू होते, पण एप्रिल-मे महिन्यांत द्वारका चौकात पेट्रोल भरून पाच मिनिटांनी किल्ली फिरवली तर सेल फिरतो आणि गाडी मात्र चालू होत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. दोन ठिकाणी दाखवले. एकाने पेट्रोल पंप बदलला, दुसऱ्याने प्लग बदलले. फरक पडला नाही.
– एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : तिसऱ्या ठिकाणी जाण्याआधी कानांनी तपासा. गाडी रुसलेली असतानाच खिडक्या बंद करून किल्ली ‘ऑन’वर ठेवा. मागच्या सीटच्या बाजूने पेट्रोल पंपाची दोनेक सेकंदांची गुणगुण यायला हवी. ती आली नाही तर पंपावर संशय घेण्याआधी डॅशबोर्डखालील मेन रिले, म्हणजे पंपाला वीज जोडणारा विजेवर चालणारा खटका, पाहावा. त्या काळातील अनेक होंडा गाड्यांत या रिलेच्या छापील पाटीवरील झाळकामाला वर्षानुवर्षांच्या उष्णतेने बारीक, वर्तुळाकार तडे जातात. थंड असताना सांधा टेकलेला राहतो. उन्हात बंद गाडीत तापमान चढले की प्रसरणाने तो सुटतो आणि पंपाला वीज मिळत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू होण्याचे रहस्य एवढेच आहे.

रिले काढून त्याचे झाकण उघडा आणि भिंगाखाली पाहा: टिनाच्या ठिपक्याभोवती केसाएवढी काळी रेघ दिसेल. जुने टिन काढून ते सांधे पुन्हा झाळले की काम होते. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही जुना कारागीर हे दहा मिनिटांत करून देईल. गुणगुण ऐकू येत असेल तर मात्र डिस्ट्रिब्युटरच्या आतील इग्नायटर, म्हणजे प्लगची ठिणगी पाडणारा भाग, तपासावा लागेल.

या निमित्ताने एक विनंती. ही सिटी अनेकांच्या लेखी अजून केवळ ‘जुनी गाडी’ आहे, परंतु 106 अश्वशक्तीचे ते इंजिन उंच आवर्तनांवर ज्या रीतीने खुलते ते आजच्या फार थोड्या गाड्यांत आढळते. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद नसेल तर तो आजच बदला. तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. नोकरी लागल्यावर जपानमधून टोयोटाची एई 86 आणण्याचे स्वप्न आहे. एका दलालाने ती ‘सुट्या भागांत’ आणून येथे जोडून देण्याची तयारी दाखवली आहे. हे शक्य आहे का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : दलालाला नमस्कार करून वाटेला लावा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी असा नियम आहे, आणि व्हिंटेजची सवलत पन्नास वर्षांनंतर सुरू होते. एई 86 बनली 1983 ते 1987 या काळात. म्हणजे तिच्यातली सर्वांत थोरली गाडीसुद्धा 2033 आधी पन्नाशी गाठणार नाही. कापून सुट्या भागांच्या नावाखाली आणलेल्या गाडीला कायदेशीर नोंदणी मिळत नाही, आणि जप्त झाली तर पैसे व गाडी दोन्ही जातात. तोवर एखादी जुनी बलेनो किंवा लान्सर घेऊन हात काळे करून पाहा. 2033 मध्ये आपण चाळिशीच्याही आत असाल.

प्रश्न : आम्ही सातआठ जण दर रविवारी सकाळी गंगापूर रोडला आपापल्या जुन्या जपानी गाड्या घेऊन जमतो. दारांची आणि काचांची रबरे सर्वांचीच गेली आहेत, पावसात पाणी आत येते. परदेशातून मागवणे परवडत नाही. नाशिकमध्येच बनवून घेता येतील का?
– एक वाचिका, गंगापूर रोड

उत्तर : येतील, आणि आपण सातआठ जण आहात हीच त्यातील जमेची बाजू आहे. जपानी कंपन्या आपल्या जुन्या गाड्यांचे भाग पुन्हा बनवू लागल्या आहेत, निस्सानने 2017 पासून आर 32 स्कायलाइन जीटी-आरचे आणि टोयोटाने 2020 पासून 2000 जीटी व सुप्राचे, पण त्यांचा रोख मोजक्या नामांकित मॉडेलांवर आहे आणि आपल्या गाड्यांचा त्यांत नंबर लागण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. रबर दाबून सलग पट्टी काढणाऱ्या कारखान्याला एका गाडीपुरते सहा मीटर रबर नको असते, कारण खरा खर्च साच्याचा असतो. तो आठ जणांत वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी रक्कम परवडण्याजोगी होते. म्हणून कोणाच्या कोणत्या गाडीला एकाच आकाराची पट्टी चालते, हे आधी तपासून पाहा. पुष्कळदा दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांनासुद्धा चालते.

रबर ईपीडीएम, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारे कृत्रिम रबर, मागा. साधे रबर नाशिकच्या उन्हात दोन उन्हाळ्यांत तडकते. नमुना देताना दाराच्या वरच्या कडेचा तुकडा द्या, खालचा नको, कारण खालचा वर्षानुवर्षे दबून चपटा झालेला असतो आणि त्यावरून काढलेला साचा कायमचा चुकतो. तुकडा ब्लेडने अगदी सरळ काप देऊन कापा, कापलेली बाजू शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर ठसा घ्या आणि त्या ठशावर मापे लिहा. पहिल्यांदा फक्त दोन मीटर बनवून घेऊन एकाच गाडीला लावा, बंद दारावर पाच मिनिटे पाण्याची नळी धरा आणि एक जण आत बसून पाहू द्या. आत बसणाऱ्याची निवड चिठ्ठ्या टाकून करावी.