जुन्या स्लाइडवरचा माइट ओळखताना

आधी लेबल वाच, माइट (कोळ्यांचा नातलग, प्रौढपणी आठ पायांचा इवलासा जीव) नंतर. ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, नोंद क्रमांक, सगळं वहीत जसंच्या तसं उतरव. स्पेलिंग चुकलेलं दिसलं तरी सुधारू नकोस.

मातीतले ओरिबॅटिड माइट बहुतेक एक मिलिमीटरपेक्षाही लहान. नमुना अल्कोहोलमध्ये असेल तर लॅक्टिक अ‍ॅसिडमध्ये पारदर्शक होऊ दे आणि खोलगट स्लाइडवर घे. मग बारीक सुईने अलगद कलंडवलं की पाठ, पोट, कूस तिन्ही नीट दिसतात. कायमच्या स्लाइडवर ही सोय नाही. शिवाय होयरच्या माध्यमात, म्हणजे नमुना स्लाइडवर बसवायच्या चिकट द्रवात, वर्षांनुवर्षांनी स्फटिक धरतात. मी एकदा असाच स्फटिक माइटच्या अंगावरचा केस म्हणून मोजला आणि दोन दिवस भलत्याच प्रजातीच्या मागे गेले. म्हणून प्रत्येक केस डावीउजवीकडे आणि दुसऱ्या नमुन्यातही तपास.

पिल्लं प्रौढांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की वेगळीच प्रजाती वाटावी. सहाच पाय दिसले तर ती अळी, म्हणजे पिल्लाची सुरुवातीची अवस्था, समज.

होलोटाइपची, म्हणजे ज्या एका नमुन्यावर प्रजातीचं नाव टेकलेलं असतं त्याची, स्लाइड मात्र संग्रहपालांच्या परवानगीशिवाय अजिबात उघडू नकोस. जगात तो नमुना एकच असतो. चित्रं काढ, मापं घे, मग मूळ वर्णनाशी ताडून बघ.