कॉर्टिसोल सूज उतरवतं, तर मग ताणात माझे सांधे का सुजतात?

तुमचा प्रश्न असा, की कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक आणि तेच सूज उतरवतं, मग घरात काही घडलं की तुमचा आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) उलट उफाळतो कसा? डॉक्टर 'मनावर घेऊ नका' म्हणतात, आणि ऑनलाइन मिळणारी 'कॉर्टिसोल कमी करणारी' पावडर घ्यावी का, असंही विचारलंय. मी डॉक्टर नाही. ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते आणि अकरा वर्षं आमवात सांभाळतेय.

आधी सकाळचं सांगते. साडेपाचला उठल्यावर मला गॅसचा लायटर दाबता येत नाही. दुधाची पिशवी कापायची तर कात्रीत बोटं जात नाहीत. नऊ वाजता हीच बोटं फळ्यावर पेशीची आकृती काढतात. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या साडेतीन तासांत आहे. सायटोकाइन म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप. कोविडमध्ये त्यातल्याच 'आयएल-६'चा (इंटरल्यूकिन-६) रिपोर्ट घेऊन जे धावले त्यांना ते वेगळं सांगायला नको. आमवातात हे आयएल-६ रात्रभर चढत जातं आणि पहाटे टोकाला पोचतं. कॉर्टिसोलही पहाटेच वाढतं, त्याला आवर घालायला. आपल्यासारख्या आमवाताच्या रुग्णांत ते वाढतं, पण समोरच्या सुजेच्या मानाने तोकडं पडतं.

खरं तर सूज स्वतःच हा लगाम मागवून घेते. आयएल-१ हा निरोप पोचला की मेंदूतला हायपोथॅलॅमस हा भाग त्याखालच्या पिट्यूटरी ग्रंथीला हलवतो, पिट्यूटरी मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना, आणि त्या कॉर्टिसोल सोडतात. ते रक्तातून फिरून पांढऱ्या पेशींना 'पुरे' म्हणतं. ह्यूगो बेसेडोव्स्की यांच्या गटाने १९८६ मध्ये हे चक्र दाखवलं. त्याआधी प्रतिकारशक्ती आपलं आपण काम करते, मेंदूचा तिच्याशी संबंध नाही, असंच बहुतेक जण शिकवत. माझ्या जुन्या नोट्समध्येही तसंच आहे.

रक्ताखेरीज आणखी एक वाट आहे, मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या लांबलचक नसेची (रक्तवाहिनी नव्हे, चेता). उंदरांच्या पोटात आयएल-१ टोचलं की ते आजारी असल्यासारखे कोपऱ्यात मुटकुळं करून बसतात. पोटाकडची व्हेगस आधीच कापलेली असेल तर हा परिणाम बराच कमी होतो. नसेवरून उलट निरोपही येतो. केव्हिन ट्रेसी या संशोधकांनी २००० च्या सुमारास व्हेगसला विजेचा हलका झटका देऊन उंदरांमधलं टीएनएफ (सूज वाढवणारं आणखी एक सायटोकाइन) खाली आणलं. त्याच कल्पनेवरचं, मानेत बसवायचं उपकरण २०२५ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मंजूर झालं. आपल्या गावात ते कधी येईल, ते सोडा.

आता तुमचा पेच. थोड्या वेळच्या ताणात कॉर्टिसोल आपलं काम नीट करतं. गोची होते ती ताण महिनोन्‌महिने चालला की. वर्गावर मी एकदाच ओरडले तर पोरं गप्प बसतात. रोज सहा तास ओरडले तर मागच्या बाकावर गप्पा चालूच. पेशींचं तसंच होतं. कॉर्टिसोल असतं, पण त्याचा निरोप घेणारे पेशींतले ग्राही (रिसेप्टर) त्याचं ऐकेनासे होतात. शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हे सर्दीच्या विषाणूवर दाखवलं: दीर्घ ताणातल्या लोकांच्या पेशी कॉर्टिसोलला दाद देत नव्हत्या, आणि ज्यांच्या पेशी अशा बहिऱ्या, त्यांना सर्दी जास्त झाली. भरीला ताणात अनुकंपी चेतासंस्था (संकटात शरीराला सज्ज करणारी) नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडते, आणि ते पांढऱ्या पेशींत सुजेचं बटण चालूच करतं. लगाम सैल आणि टाच जोरात.

माझ्या सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हाची गोष्ट. पहिला आठवडा मी दवाखान्याचे जिने चढत-उतरत होते, सांध्यांनी हूं की चूं केलं नाही. दीड महिन्यानंतर त्या घरात काठी धरून चालू लागल्या आणि माझं मनगट असं सुजलं की बांगडी कापून काढावी लागली. एका माणसाच्या अनुभवावरून काही सिद्ध होत नाही, हे वर्गात मीच सांगते. पण १९९५ च्या एका अभ्यासात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटी जखम करून पाहिली होती. ती भरायला त्यांना इतर बायकांपेक्षा सरासरी ९ दिवस जास्त लागले.

'मनावर घेऊ नका' याचा मला राग येतो तो यामुळे. तापात आपण पांघरूण ओढून पडतो, वरण-भातही कडू लागतो, कुणी बोलायला आलं तर नको होतं. हा आळस नाही की खचणंही नाही. सायटोकाइनने मेंदूकडून करून घेतलेली सक्तीची विश्रांती आहे. बेंजामिन हार्ट यांनी १९८८ मध्ये आजारी जनावरांबद्दल हेच मांडलं. हिपॅटायटिस सी साठी पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत, तेव्हा कित्येक रुग्णांना खरंखुरं नैराश्य यायचं. सूज मनावर चढते, मग मन सुजेवर.

राहिली पावडर. तुमच्या-माझ्या आजारात कॉर्टिसोल जास्त झालेलं नसतं, सुजेच्या मानाने ते अपुरं पडत असतं. ते आणखी उतरवून काय साधणार? प्रेडनिसोलोन (कॉर्टिसोलसारखं काम करणारी स्टिरॉइडची गोळी) चालू असेल तर जास्तच जपा: बरेच दिवस ती गोळी घेतल्यावर आपली अ‍ॅड्रिनल ग्रंथी काम सोडून बसते, त्यामुळे ती स्वतःहून एकदम बंद करायची नसते. पावडर आणलीच असेल तर पुढच्या भेटीत डबा पिशवीत टाका आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.